चौथी आत, तिसरी बाहेर: २०१४ च्या अमेरिकन महिला फिगर स्केटिंग टीमचं प्रकरण

पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. या चौघींची नावं मी मुद्दाम लिहिलेली नाहीत, नॅशनल्समध्ये ज्या नंबरावर आल्या तेच त्यांचं नाव (शाळेतली इयत्ता वाटेल, चालवून घ्या). ज्यांनी तेव्हा फॉलो केलंय त्यांना दोन ओळींत कळेल कोण ते, सगळं पब्लिक रेकॉर्डवर आहेच, पण नाव दिसलं की आपण लगेच कुणाची तरी बाजू घेतो आणि मग निर्णयाकडे सरळ बघणं होत नाही. म्हणून आधी प्रकरण वाचा, नावं नंतर शोधा.

झालं ते थोडक्यात असं. जानेवारी २०१४, बोस्टन, अमेरिकेच्या नॅशनल्स. सोची ऑलिम्पिकसाठी महिलांच्या तीन जागा होत्या. अमेरिकेच्या स्केटिंग फेडरेशनने टीम जाहीर केली, त्यात पहिली होती, दुसरी होती, आणि तिसरीच्या जागी चौथी होती.

पार्श्वभूमी

आधी जागांचं गणित, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. ऑलिम्पिकला कुठल्या देशाला किती जागा हे आदल्या वर्षीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपवरून ठरतं. देशाच्या दोन स्केटर्सचे नंबर मिळवायचे, बेरीज १३ किंवा त्याच्या आत आली तर तीन जागा, त्याच्या वर गेली तर दोन किंवा एक. अमेरिकेच्या महिलांकडे २००९ पासून वर्ल्ड्सला दोनच जागा होत्या. ज्या देशाने आधी एकाच वर्षी तिन्ही मेडल्स घेतलेली (१९९१ साली) त्यांच्यासाठी ही नामुष्कीच होती. २०१३ ला कॅनडातल्या लंडन गावी वर्ल्ड्स झाल्या, तिथे अमेरिकेच्या दोघी पाचवी आणि सहावी आल्या, बेरीज ११, तिसरी जागा परत मिळाली.

आता गंमत बघा, त्यातली सहावी आलेली मुलगी म्हणजे आपली पहिली, आणि पाचवी आलेली म्हणजे आपली चौथी. ज्या तिसऱ्या जागेवरून पुढे एवढा गदारोळ झाला ती जागा कमवून आणणाऱ्यांत चौथीचा वाटा सगळ्यात मोठा होता. हे लक्षात ठेवा, पण यावरून लगेच निकाल लावू नका, कारण जागा देशाची असते, कमवणाऱ्याची नसते.

चौथीचं आणि तिसरीचं नातं त्याआधीचं. २०१० च्या नॅशनल्समध्ये आपली तिसरी दुसरी आली होती आणि आपली चौथी तिसरी आली होती (हो, डोकं गरगरतं). तेव्हा जागा दोनच, त्यामुळे तिसरी व्हँकुव्हरला गेली आणि १६ व्या वर्षी ऑलिम्पिकमध्ये चौथ्या नंबरावर आली, आपली चौथी मात्र एका नंबराने घरी राहिली. म्हणजे एकदा नंबराच्या नियमाने चौथीचं ऑलिम्पिक गेलं होतं, आणि त्यावर तेव्हा कुणी ब्र काढला नव्हता.

पुढच्या चार वर्षांत दोघींचे रस्ते उलटे गेले. तिसरीची गाडी घसरली, २०१२ आणि २०१३ च्या नॅशनल्समध्ये ती सातवी होती. जम्पचं रोटेशन (हवेतल्या फेऱ्या) पूर्ण होत नाही हा तिचा जुना प्रॉब्लेम, आंतरराष्ट्रीय जजचं पॅनल तो पकडायचं आणि मार्क कापायचं. चौथीने याच काळात कॅलिफोर्नियाला जाऊन नव्या कोचकडे ट्रेनिंग घेतलं, २०१२ आणि २०१३ अशा सलग दोन वर्षं नॅशनल चॅम्पियन झाली, २०१२ च्या वर्ल्ड्सला चौथी, आणि सोचीच्या आधीच्या सीझनमध्ये पॅरिसची ग्रां प्री (सीझनमधल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या मालिकेतली एक) जिंकून डिसेंबरमध्ये फुकुओकाच्या ग्रां प्री फायनलला ब्राँझ. टीव्हीवर ऑलिम्पिकच्या जाहिरातींत तिचा चेहरा आधीपासूनच होता, आणि याचाही पुढे वादात उल्लेख झाला.

प्रसंग काय उभा राहिला

बोस्टनला पहिलीने मैदान मारलं, २११.६९ पॉइंट, तिच्याबद्दल वादच नाही. दुसरी १५ वर्षांची, सीनियर लेव्हलला पहिलीच नॅशनल्स, तिने १९३.६३ घेऊन सगळ्यांना चकित केलं. तिसरीने १९०.७४. तिच्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती, आणि ती मेडलवर येऊन बसली.

आणि चौथी. शॉर्ट प्रोग्रॅमनंतरच (स्पर्धेचा पहिला, छोटा भाग) ती चौथी होती, फ्री स्केटमध्ये (दुसरा, मोठा भाग) रोमिओ आणि ज्युलिएटच्या संगीतावर उतरली आणि दोनदा पडली. ज्यांना स्केटिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पडलं की नुसता एक पॉइंट कापला जात नाही, त्या जम्पच्या क्वालिटीचे मार्क तळाला जातात, जम्पला जोडून दुसरी जम्प करायची असेल तर ती राहून जाते, आणि उठून संगीताला परत गाठायचं म्हणजे पुढचं सगळंच पळत करावं लागतं. एकूण १८२.७४. तिसरीपेक्षा बरोबर ८ पॉइंट मागे. ८ पॉइंट म्हणजे जजने जरा हात आखडला म्हणून गेलेत असा फरक नाही, ती त्या दिवशी खरंच मागे होती.

फेडरेशनच्या नियमात मात्र कुठेही लिहिलेलं नव्हतं की नॅशनल्सच्या पहिल्या तिघी ऑलिम्पिकला जातील. निवड समितीला आदल्या वर्षभराची कामगिरी बघायची होती, म्हणजे वर्ल्ड्स, ग्रां प्री, ग्रां प्री फायनल, ज्युनियरच्या मोठ्या स्पर्धा आणि अर्थात नॅशनल्स. नियम हा होता आणि प्रथा वेगळी होती. प्रथेने नॅशनल्सचा क्रमच चालायचा, टीव्हीवाले नॅशनल्सला ट्रायल म्हणायचे, पब्लिक तेच धरून बसायचं. नियम मोडला नाही पण प्रथा मोडली, अशी ही गोष्ट आहे.

आधी अपवाद झाले नव्हते असं नाही. १९९२ ला पाठीच्या दुखापतीमुळे नॅशनल्स न खेळलेल्या टॉड एल्ड्रिजला घेतलं. १९९४ ला डेट्रॉइटमध्ये नॅन्सी केरिगनच्या गुडघ्यावर हल्ला झाला, ती स्पर्धेत उतरूच शकली नाही, तरी तिला टीममध्ये घेतलं आणि दुसरी आलेली १३ वर्षांची मिशेल क्वान राखीव राहिली. २००६ ला खुद्द क्वानच जखमी होती, तिला तूरिन ऑलिम्पिकची जागा दिली, पुढे तिने माघार घेतली आणि तिच्या जागी एमिली ह्यूज गेली. पण या सगळ्यांत एक कॉमन गोष्ट, ते खेळाडू जखमी होते, नॅशनल्समध्ये उतरलेच नव्हते. बोस्टनला चौथी धडधाकट होती, उतरली होती, आणि हरली होती. जुना अपवाद इथे जसाच्या तसा लागू होत नव्हता, आणि समितीलाही हे नक्कीच माहीत असणार.

समोर कुठले पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे क्रमाने घ्या. अमेरिकेत अ‍ॅथलेटिक्स आणि स्विमिंगला हेच चालतं, ट्रायलच्या दिवशी जो पुढे तो गेला, वर्ल्ड रेकॉर्डवाला असला आणि त्या दिवशी चुकला तर घरी. फायदा असा की कुणाला कुणावर संशय घेता येत नाही. तोटा असा की स्केटिंग घड्याळावर मोजत नाहीत, मार्क जज देतात, आणि नॅशनल्सचे मार्क सगळ्याच देशांत जरा सैल असतात. तिसरीचे १९०.७४ आंतरराष्ट्रीय पॅनलकडून तसेच मिळाले असते का, हा प्रश्न तिच्या जुन्या रोटेशनच्या भानगडीमुळे समितीतल्या कुणाच्याही डोक्यात आला असता.

दुसरा पर्याय, पुन्हा एकदा खेळवा. हे हवेतलं नाही, त्याच हिवाळ्यात रशियाने पुरुषांच्या एकाच जागेसाठी असंच काहीतरी केलं. नॅशनल चॅम्पियन मॅक्सिम कोव्हतुन होता, पण दुसऱ्या आलेल्या प्लुशेन्कोने फेडरेशनच्या लोकांसमोर बंद दाराआड स्केट करून दाखवलं आणि जागा त्याला मिळाली. पुढे काय झालं हे जगाने बघितलं, टीम इव्हेंट (सांघिक स्पर्धा) खेळला आणि वैयक्तिक स्पर्धेत ऐन वेळी पाठीमुळे माघार घेतली. शिवाय बोस्टनची नॅशनल्स संपली आणि सोचीचा टीम इव्हेंट सुरू व्हायचा, यात चार आठवडेसुद्धा नव्हते. त्यात परत पूर्ण फॉर्मात यायला लावणं म्हणजे खेळाडूचा जीव काढणं.

तिसरा पर्याय, चॅम्पियनची जागा पक्की, बाकी दोन जागा वर्षभराच्या रेकॉर्डवर. हा नियमाच्या सगळ्यात जवळचा. आणि इथेच माझ्या मते या प्रकरणाचा खरा गाभा आहे, ज्यावर तेव्हा फार कमी बोललं गेलं.

सगळा वाद तिसरी विरुद्ध चौथी असा रंगला. पण रेकॉर्डवरच जायचं ठरवलं तर चौथीची जागा बिनविरोध आहे, वर्ल्ड्सला पाचवी, ग्रां प्री फायनलला ब्राँझ, देशात तिच्या जवळपास कुणी नाही. मग उरलेल्या एका जागेसाठी कोण भांडतंय? दुसरी आणि तिसरी. आणि त्या दोघींचं रेकॉर्ड शेजारी ठेवलं तर चित्र अजिबात एकतर्फी नाही. दुसरीकडे ज्युनियर ग्रां प्रीच्या दोन स्पर्धा जिंकलेल्या आणि ज्युनियर फायनलला चौथा नंबर, पण सीनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धा शून्य, एकही नाही. तिसरीकडे त्याच सीझनमध्ये मॉस्कोच्या ग्रां प्रीला ब्राँझ, टोकियोला मात्र आठवी, आणि मागे ऑलिम्पिकचा चौथा नंबर, जरी तो वर्षभराच्या हिशेबात धरता येत नसला तरी. बोस्टनमध्ये दोघींत फरक होता २.८९ पॉइंटचा. एका जम्पचं रोटेशन कमी पडलं की एवढे जातात.

म्हणजे चौथीसाठी आठ पॉइंटचा फरक रेकॉर्डच्या जोरावर बाजूला ठेवला, आणि दुसरी-तिसरीत तीनच्याही आतला फरक असताना तिथे नॅशनल्सचा क्रम जसाच्या तसा धरला. असं करायला कारणं असू शकतात, दुसरीचे जम्प कठीण होते, वय लहान, पुढे जाणारी मुलगी. तिसरीचा ग्राफ वरखाली होत होता हेही खरं. कदाचित समितीने हे सगळं तोलून मग दुसरीला घेतलं असेल. पण बाहेर जे सांगितलं गेलं ते फक्त चौथीच्या रेकॉर्डबद्दल, दुसरी विरुद्ध तिसरी हा हिशेब लोकांसमोर कधी नीट मांडलाच गेला नाही.

काय केलं

शनिवारी रात्री फ्री स्केट झालं, समिती बसली, रविवारी टीम जाहीर. आपली तिसरी पहिली राखीव खेळाडू. फेडरेशनच्या अध्यक्षांनी पत्रकारांना सांगितलं की देशातल्या सगळ्या महिला स्केटर्समध्ये चौथीचं रेकॉर्ड सर्वात भारी आहे आणि समितीने तिच्या एका दिवसापेक्षा वर्षभराची कामगिरी बघितली.

त्याच दिवशी नॅशनल्सचा एक्झिबिशन शो होता. तिसरी तिथे उतरली. जागा गेलेली, आणि तरी प्रेक्षकांसमोर स्केट करायचं. डोळ्यांत पाणी होतं, पब्लिक उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि त्या टाळ्या कुणाविरुद्ध आहेत हे हॉलमध्ये सगळ्यांना कळत होतं. तिने टाळलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं.

मग बाहेर आरोप सुरू झाले. स्पॉन्सर आणि टीव्हीला गोरा, ओळखीचा चेहरा हवा होता म्हणून जपानी वंशाच्या मुलीला वगळलं, इथपर्यंत लिहिलं गेलं. मला स्वतःला रेकॉर्ड बघता चौथीची निवड बचाव करण्यासारखी वाटते, पण असे आरोप कुठून उगवतात तेही दिसतं, कारणं पूर्ण सांगितली नाहीत की लोक आपली कारणं भरतात. तिसरीने अपील करायचं का याचा विचार झाला, शेवटी केलं नाही.

चौथीने मात्र एक निर्णय झटपट घेतला, जो मला या प्रकरणातला सगळ्यात धाडसी वाटतो. ज्या प्रोग्रॅमवर ती बोस्टनला पडली तो तिने सोडून दिला आणि आदल्या सीझनच्या सॅमसन अँड डिलायलाच्या संगीतावर परत गेली. ऑलिम्पिकला महिनाही नाही आणि फ्री स्केट बदलायचं! कोच लोक सहसा असं करू देत नाहीत, कारण शरीराला सवय झालेली असते कुठे श्वास घ्यायचा, कुठे पाय बदलायचा. पण जुना प्रोग्रॅम अंगात मुरलेला होता आणि नव्यावर तिचा विश्वास उडाला होता, तेव्हा हा जुगार वाटतो तेवढा वेडेपणाचा नव्हता.

निकाल

सोचीला त्या वर्षी टीम इव्हेंट पहिल्यांदाच होता. चौथीला महिलांच्या शॉर्टला उतरवलं, ती त्यात चौथी आली (नंबर तिचा पिच्छा सोडत नाही), स्वच्छ स्केट करून ६३.१० मिळाले तेव्हाचा तिचा वाकडा चेहरा जगभर फिरला. फ्री पहिलीने केलं, अमेरिकेला ब्राँझ मिळालं, आणि चौथीच्या गळ्यात ऑलिम्पिक मेडल पडलं. वैयक्तिक स्पर्धेत आपली पहिली चौथ्या नंबरावर, आपली चौथी सातव्या, आपली दुसरी नवव्या. मार्चमध्ये सैतामाच्या वर्ल्ड्सला त्या तिघीच पाचवी, सातवी, आठवी आल्या, वरच्या दोघींची बेरीज १२, पुढच्या वर्षीच्या तीन जागा वाचल्या.

निर्णय बरोबर ठरला असं म्हणणाऱ्यांना हे आकडे आवडतात. मी एवढ्या लवकर म्हणणार नाही, कारण तिसरीला नेलं असतं तर काय झालं असतं हे कुठल्याच आकड्यात नाही. आणि सातवा नंबर ठीक आहे, पण प्रथा मोडून न्यावं असा डोळे दिपवणारा तो नाही. चौथीचा खरा दिवस आला तो २०१६ मध्ये, वर्ल्ड्सला सिल्व्हर, दहा वर्षांत अमेरिकन महिलेला पहिल्यांदाच वर्ल्ड्सचं मेडल, आणि तेही बोस्टनच्या त्याच हॉलमध्ये जिथे ती दोनदा पडली होती.

तिसरीचं काय झालं? ती कोलोराडो स्प्रिंग्सला गेली (फेडरेशनचं ऑफिसही त्याच गावात, हे आपलं जाता जाता), कोच बदलला, आणि विशीत, जेव्हा मुली सोडून देतात त्या वयात, ट्रिपल अ‍ॅक्सल (हवेत साडेतीन फेऱ्यांची जम्प) शिकली. २०१८ च्या नॅशनल्सला दुसरी आली, २१३.८४. प्याँगचांग ऑलिम्पिकच्या टीम इव्हेंटमध्ये तिने ट्रिपल अ‍ॅक्सल उतरवला, ऑलिम्पिकमध्ये असं करणारी पहिली अमेरिकन महिला, जगात तिच्या आधी फक्त जपानच्या मिदोरी इतो आणि माओ असादा. अमेरिकेला टीमचं ब्राँझ, तिलाही मेडल.

आणि चौथी २०१८ ला नॅशनल्समध्ये पुन्हा चौथीच आली, यावेळी फरक फक्त २.४० पॉइंट, आणि यावेळी तिला नाही घेतलं. तिच्या पुढे असलेली कॅरन चेन आदल्या वर्षीच्या वर्ल्ड्सला चौथ्या नंबरावर होती, आपली चौथी स्वतः तिथे सातवी. रेकॉर्डचा तोच नियम यावेळी तिच्या विरोधात गेला. तिने जजच्या मार्कांवर उघड राग काढला, पण रेकॉर्डची तुलना तिच्या बाजूने नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

मला वाटतं टीम कदाचित हीच ठेवूनही निम्मा वाद टळला असता. नॅशनल्सच्या आधी, म्हणजे कुणी बर्फावर उतरायच्या आधी, फेडरेशनने आणि टीव्हीवाल्यांनी साफ सांगायला हवं होतं की या ट्रायल नाहीत, कुठल्या स्पर्धेला किती वजन आहे ते हे, आणि आज घडीला कोण कुठे उभी आहे ते हे. चौथी वर्ल्ड्सला पाचवी आणि फायनलला ब्राँझ आहे म्हणजे ती जवळजवळ आत आहे, हे डिसेंबरमध्ये सांगितलं असतं तर ते धोरण वाटलं असतं, ती दोनदा पडल्यावर सांगितलं म्हणून ते सवलत वाटलं. मजकूर तोच, फक्त तारीख वेगळी.

तिसरीच्या बाजूने बघितलं तर तिच्या हातात फार काही नव्हतं, पण थोडं होतं. टोकियोची ग्रां प्री तिला महागात पडली. मॉस्कोचं ब्राँझ आणि टोकियोला निदान पाचवा-सहावा नंबर असता तर दुसरीपुढे तिची फाईल उजळ दिसली असती. अशा टीमसाठी धडपडणाऱ्या मुलींना आणि कोचना मी हेच म्हणेन की नोव्हेंबरच्या स्पर्धा सराव म्हणून घेऊ नका, समिती त्या फाईलमधून वाचते. २०२२ ला नॅशव्हिलला अलिसा ल्यू शॉर्टनंतर कोविडमुळे बाहेर पडली, फ्री खेळलीच नाही, तरी टीममध्ये गेली, ते अशाच फाईलच्या जोरावर.

चौथीने काय वेगळं करायचं? न पटणारा प्रोग्रॅम नॅशनल्सच्या आधीच बदलायचा. पण हे मागून बोलायला सोपं आहे, पॅरिस त्याच प्रोग्रॅमवर जिंकलेली असताना कोण बदलेल.

आणि समितीने दुसरी विरुद्ध तिसरी हा कागद बाहेर ठेवायला हवा होता. कारण २०१८ ला पुरुषांच्या निवडीत त्यांनी नेमकं तेच केलं जे २०१४ ला महिलांच्या बाबतीत टाळलं, नॅशनल्सला दुसरा आलेला रॉस मायनर बाहेर, चौथा आलेला अ‍ॅडम रिपन आत. तिथे सिल्व्हरवाल्यालाही रेकॉर्डच्या चाळणीतून जावं लागलं, फक्त ब्राँझवाल्यावर सगळं निभावलं नाही. तीच चाळणी बोस्टनला दुसरीलाही लावली असती तर कदाचित तीच पास झाली असती, ज्युनियरचे दोन विजय काही लहान नाहीत, पण तिसरीला निदान कळलं असतं की आपण नक्की कुणाच्या मागे पडलो.